एक अंश आणि वर थोडं

व्रोत्सवाफला जानेवारीत चार वाजताच दिवे लागतात.
ट्राम वळणावर किंचाळते, ओद्रेवर बर्फाचे पापुद्रे,
आणि मी तळघरात हेलियम भरत असतो.
एकवीस वर्षं हेच.
पदार्थविज्ञानातलं मला फार कळत नाही,
पण उणे दोनशे एकोणसत्तरला
काय काय गप्प होतं, ते मला विचारा.

बोगुमिवा सेलोटेप लावून स्फटिक सोलते.
हो, साधा सेलोटेप, कोपऱ्यावरच्या दुकानातला.
कांद्याचा पापुद्रा काढावा, मग त्या पापुद्र्याचाही पापुद्रा,
शेवटी सेलेनियम, टंगस्टन, सेलेनियम.
झालं. संपला पदार्थ.
लेझर पडला की तो एवढासा तुकडा उजळतो.
जाड तुकडा ढिम्म.
झिजून झिजून उजळणारं दुसरं काही
मी तरी पाहिलेलं नाही.

मग त्यावर ती दुसरा ठेवते, मॉलिब्डेनमचा,
ठशाने उचलून, श्वास रोखून,
मायक्रोस्कोपखाली स्क्रू केसभर फिरवत.
"एक अंश," म्हणते. "एक अंश आणि वर थोडं.
टेबलाला हात नका लावू हं, लेशेक."

चहा पिताना एकदा तिनं सांगितलं:
इलेक्ट्रॉन उडी मारून मॉलिब्डेनमकडे जातो,
त्याची रिकामी जागा टंगस्टनकडेच राहते.
मधे एक नॅनोमीटरसुद्धा नाही,
तरी भेटायला हजारपट उशीर लावतात.
भेटले की प्रकाश.
"आणि थर जास्त फिरवले तर?"
"तर भेटणं जवळजवळ नाहीच. शेजारी असतात,
पण दोघांची चाल जुळत नाही."
मी बराच वेळ ग्लासातली लिंबाची चकती
चमच्याने दाबत बसलो.

त्या रात्री घरी खिडकीत पाहिलं:
टेक्लाने धुऊन लावलेले जाळीचे पडदे, एकावर एक,
वरच्याची एक कडी सुटून तो जरा तिरका लटकलेला.
आणि दोन्हींवर मिळून लाटा,
एकाही पडद्यावर नसलेल्या,
विणीच्या डोळ्यांपेक्षा कितीतरी मोठ्या.
कडी लावायला गेलो, तर लाटा फुगत फुगत गेल्या
आणि पडदा सरळ होताच नाहीशा.
कडी काढली. आल्या परत.
सहाव्या मजल्यावर, रात्री अकराला, स्टुलावर उभा मी.
टेक्ला म्हणाली, पडदा फाडशील.

सोमवारी नमुना भट्टीत घातला,
थरांमधली अडकलेली हवा जावी म्हणून,
आणि वरचा थर आपला आपण सरकून
सरळ बसला. पाव अंशही उरला नाही.
त्यांना म्हणे मुळात तसंच बसायचं असतं.
तीन महिने पाण्यात.
बोगुमिवानं शिवी दिली नाही, डबा उघडला,
खसखशीचा अख्खा रोल एकटीनं संपवला.

दुसरा नमुना फेब्रुवारीत.
राडोस्वाफनं तापवूच दिला नाही,
बुडबुडे राहिले तर राहू देत म्हणाला.
मी हेलियम भरलं. पंप घुमला.
स्क्रीनवर रेघ सपाट, सपाट, रात्री दोनपर्यंत सपाट,
मग दाढीच्या खुंटांसारखी टोकं, एकाशेजारी एक.
खळगे आहेत तिथे, वीसेक नॅनोमीटरवर एकेक,
कुणी खणलेले नाहीत,
नुसते तिरकेपणातून पडलेले.
त्यांत जोड्या अडकतात, आणि तिथूनच उजळतात.

मी काचेतून आत डोकावलो. काळोख.
"डोळ्यांना नाही दिसायचा तो," बोगुमिवा म्हणाली,
"लालच्याही पलीकडचा."
एवढी वाट पाहिलेला उजेड,
आणि तो आला हे आम्हाला कॅमेऱ्यानं सांगितलं.
राडोस्वाफ हसत सुटला. मग आम्हीही.

पहाटेच्या ट्रामनं घरी आलो.
कडी अजून सुटलेलीच आहे.
टेक्लानं दोनदा आठवण केली.
लावतो म्हणालो.