उपाधी

बाइंडिंग विभाग तळमजल्याला.
खळ, दाभण, मेणाचा दोरा,
आणि डोक्यावर काचेची जमीन :
वरच्या कपाटांतून हिंडणाऱ्यांच्या
मला फक्त चपला दिसत.

दांडिया बाजारातून सायकलनं साडेदहाला पोचायचो.
त्या बुधवारी टेबलावर एक निळं पुस्तक,
पाठ मोडलेली, शिवण उसवलेली.
लेखिका विनिफ्रेड थॉर्लबी, लीड्सची शाळामास्तरीण.
विषय वेदान्त.
हिंदुस्थानात आपण कधी पाऊल ठेवलं नाही
हे तिनं प्रस्तावनेतच लिहिलेलं, न लाजता.

मी पुस्तकं शिवतो, वाचत नाही.
पण पान एकशे बारा, तळटीप,
तिथं आमचं आडनाव होतं.
करंबेळकर शास्त्री, बडोदे.
स्पेलिंगातला बी तेवढा गळलेला,
समुद्रापलीकडे कुठेतरी पडला असावा.

आजोबा.
पाठशाळेत आधी नऊ मुलं, मग चार,
मग खडू आणि एक मांजर.
घरात त्यांच्याकडून कुणी ओळभर शिकलं नाही.
वडील गिरणीत लागले, मी खळ ढवळायला.
तिनं मात्र एका शब्दासाठी चार पत्रं पाठवली होती :
उपाधी म्हणजे नेमकं काय?

मला ठाऊक असलेली उपाधी म्हणजे बी.ए.,
फार तर रावबहादूर.
शेजारच्या जशीबेनच्या तोंडी ती रोजच :
नळाला पाणी नाही, जावई रुसलाय,
'शी उपाधि छे, भाई!'

आजोबांनी कळवलं होतं :
खिडकीला निळी काच असली
की उजेड निळा पडतो.
उजेडाला मात्र ते माहीत नसतं.

तिनं ती काच काढली
आणि आपल्या गावच्या चर्चात बसवली,
रविवारी सकाळी, तिसऱ्या बाकावर,
कुण्या म्हातारीच्या पांढऱ्या मोज्यांवर पडणारा निळा.
शब्दाला इंग्रजी प्रतिशब्द चार करून पाहिले म्हणते,
चारही खोडले.
मग उपाधी तशीच ठेवली, रोमन लिपीत, एकटी.

वडील म्हणायचे, आपला कापूस गाठींनी जातो,
कापड होऊन येतो, वर पैसे आपणच मोजतो.
खरंच होतं. मागच्या चिठ्ठीवर शिक्केच शिक्के,
सगळी इथलीच कॉलेजची पोरं,
आजोबांच्या गल्लीतलं लीड्सवरून वाचलेली.
पण कापडाच्या ताग्यावर
कापूस पिकवणाऱ्याचं नाव नसतं.
इथं होतं.
एक अक्षर कमी, पण होतं.

एका दिवसाचं काम मी तीन दिवस केलं.
दुहेरी दोरा घेतला. रजिस्टरात लिहिलं,
'पाठ नवी. मजकूर जुनाच.'
साहेबांनी दुसरं वाक्य खोडायला लावलं.

संध्याकाळी सहज मान वर केली.
काचेवर दोन चपला
केव्हाच्या हलल्या नव्हत्या,
वर कुणीतरी उभ्यानंच वाचत होतं.
आणि उजेड त्या तळव्यांना वळसा घालून
खाली
माझ्या खळीच्या वाटीत.