कार्ड नंबर चार

मुहर्रकच्या आरोग्य केंद्रात, वरच्या मजल्यावर,
एसीच्या गारठ्यात आम्ही बाराजणी.
टेबलावर लोकरीनं विणलेले स्तन,
एक तपकिरी, एक गव्हाळ, एक जुन्या मोज्याचा,
आणि एका डोळ्याची बाहुली, मान लुळी.

बद्रियाबाईंचा पहिला धडा:
हात मागे बांधा.
आईच्या अंगाला न विचारता हात लावायचा नाही,
बाळाचं डोकं धरून दाबायचं नाही.
विचारा. थांबा. ऐकून घ्या.
सोळा वर्षं सुया टोचलेले, चादरी ओढलेले माझे हात
पाठीमागे एकमेकांना धरून बसले,
शाळेत उशिरा आलेल्या पोरींसारखे.

मग फळ्यावर इंग्रजीत काहीसं लिहून म्हणाल्या,
बाळ रडलं की आपसूक दूध उतरतं,
त्याला तुमच्याकडे काय म्हणतात?
त्यांच्यात दर्र. शिजीमोळकडे चुरत्तुक.
मी म्हटलं, पान्हा.
सगळ्यांनी म्हणून पाहिलं: पाना, पानाहा, पन्ना.
मारिविकला तेवढा नीट जमला, का कोण जाणे.

दुपारी नाटक. चिठ्ठ्या वाटल्या.
माझ्या वाट्याला कार्ड नंबर चार:
तुम्ही आई आहात. बाळ सहा आठवड्यांचं.
तुम्हाला वाटतं, दूध पुरत नाही.

पुढ्यात शिजीमोळ, मार्चमध्येच आलेली, नवी कोरी.
मी वाचलं, दूध पुरत नाही.
ती म्हणाली, तुम्हाला काळजी वाटतेय.
तसंच शिकवलं होतं,
तिचंच बोलणं तिला परत द्या.

मी म्हटलं, दूध खूप होतं.

हे कार्डावर नव्हतं.
म्हटलं, बाळ तासगावला होतं आणि मी इथे,
क्वार्टर्सच्या बेसिनपाशी, रात्री दोनला,
नळ मोठा सोडून,
म्हणजे खोलीतल्या तिघींना कळू नये.
चौदा दिवस. मग आटलं.

शिजीमोळनं माझं कार्ड घेऊन उलटं करून पाहिलं.
मागं कोरं होतं.
बद्रियाबाईंनी खिडकीचा पडदा सारखा केला,
तो सारखाच होता.

त्या रात्री सहा नंबरात हेसा,
एकोणीस वर्षांची, भिंतीकडे तोंड करून.
तिच्या आत्यानं पावडरचा डबा उघडून ठेवलेला,
चमचा आत खोचलेला.
मी खुर्ची ओढली. हात मागे.
माझ्या मोडक्या अरबीत विचारलं, काय होतंय?
ती बराच वेळ बोलली.
निम्मं मला कळलं नाही, तरी मान हलवत राहिले.
तिच्या छातीवर बाळ हनुवटीनं चाचपत होतं,
चुकत होतं, पुन्हा चाचपत होतं.
माझी बोटं पाठीमागे शिवशिवली.
मग खोलीत तो आवाज,
घुट्.
थांबून, पुन्हा घुट्.
आत्यानं चमचा काढला, पुसला,
झाकण मात्र लावलं नाही.

तासगावात तेव्हा साडेतीन वाजले असतील.
दहावीचं वर्ष आहे, झोपू दे म्हटलं.
सकाळी त्याचाच मेसेज: आई, रिचार्ज संपलाय.
केला.