रकाना सात

रात्री अकरानंतर काउंटरवर मी असतो.
जेनोआ, स्टेशनमागची गल्ली, दोन तारे,
त्यातला एक पाटीवरून गळून पडलाय.
मालकीणबाई देल्फिना म्हणतात,
कर भरून काही उरलं तर बसवू.

माणशी, रात्रीला, तीन युरो.
हे आमचे नाहीत, मी सांगतो. चार भाषांत सांगतो.
हे शहराचे. तुम्ही आमच्या पायऱ्या झिजवता त्याचे,
कागदी पेल्यांचे, कारंज्याच्या पाण्याचे.
लोक माझ्याकडे असे बघतात
जणू शहर माझा चुलतभाऊ
आणि रात्री गल्ला आम्ही दोघं वाटून घेतो.

बंदरावरच्या काचेच्या हॉटेलात
तीन युरो म्हणजे कॉफीतली साखर.
इथे साठच्या खोलीत ते टोचतात.
सहा रात्रींचे पाहुणे चार रात्रींचे झाले,
मग नाश्त्यातली संत्री गेली,
मग सफाईवाल्या नार्सिसाचे दोन तास.
सगळा दोष कराचाच, असं छातीठोक नाही म्हणणार.
लिफ्टही म्हातारी आहे.
आणि समोरच्या इमारतीत दारोदार
किल्ल्यांच्या डब्या उगवल्यात, आकडे फिरवा, आत जा.
तिथे ना घंटा, ना वही, ना झोपमोड झालेला मी.

वहीला नऊ रकाने.
सातवा सुटीचा, म्हणजे माफीचा:
लहान मुलं, बसचे ड्रायव्हर,
आणि रुग्णासोबत आलेले,
इस्पितळाच्या दाखल्यासह.

सावेरियो नोव्हेंबरात आला, कालाब्रियाहून,
पिशवीत सुक्या मिरच्यांची माळ.
बायको, इमाकोलाता, वर टेकडीवरच्या इस्पितळात.
चार घड्यांचा दाखला त्याने
नाव सांगायच्या आधी पुढे केला.
मी सातव्यात खूण केली.
रोज रात्री किल्ली घेताना तो बातमी द्यायचा,
अर्धं सफरचंद खाल्लं.
आज खिडकी उघडायला लावली.
आज मला ओरडली, बरं वाटलं.
अकरा रात्री, अकरा खुणा.

बाराव्या रात्री सव्वादोनला फोन आला.
तो मोजे न घालता गेला.
उजाडताना परतला, काउंटरला हात टेकून उभा राहिला.
कागदपत्रं उद्या होणार होती.
अजून एक रात्र, म्हणाला.

नियम मला पाठ आहे:
रुग्ण दाखल असेपर्यंत.
म्हणजे आजपासून तो पर्यटक.
पडद्यावर चौकट उघडली. भेटीचा उद्देश?
विश्रांती. व्यवसाय. इतर.
माझं बोट तिथेच थांबलं,
वर पाहिलं तर त्याने नाणी मांडली होती,
एक, एक, आणि पन्नासाची दोन.
अकरा रात्री जिन्याजवळची पाटी वाचून
त्यालाही नियम पाठ झाला होता.
"हे शहराचे ना?"
राहू द्या, मी म्हटलं.
तो वर गेला. नाणी राहिली.

मी सातव्यातच खूण केली.
बारावी. खोटी.

तिमाहीच्या शेवटी हिशेब जुळेना.
देल्फिनाबाईंनी तीनदा मोजलं,
चष्मा पुसून चौथ्यांदा.
कमी पडले तर नगरपालिका दंड लावते,
जास्त आले तर विचारते, कुणाचे?
आणि नावासाठी माझ्याकडे रकाना नव्हता.
मी सांगितलं. सगळं नाही, मोज्यांचं नाही सांगितलं.
बाई काही बोलल्या नाहीत,
नाणी पदराशी नाही, ॲप्रनच्या खिशात टाकली.

सोमवारी नाश्त्याला संत्री होती,
जाळीच्या पिशवीतली, लहान, जरा आंबट.
कुणी विचारलं नाही कुठून आली.
एका जर्मन मुलाने दोन खिशात घातली.
नार्सिसाचे दोन तास मात्र
तीन युरोत बसले नाहीत.