शनिवारचा धूर

अकरावा दिवस.
खिडकीबाहेरचा तापमापक बत्तीस दाखवतो.
पिएरा त्याच्यावर टिचकी मारतो,
जशी काही चूक त्याचीच.
त्याच्या बापाने तो लावला तेव्हापासून
शून्याखालच्या आकड्यांचा रंग नजरांनीच झिजलाय,
वरचे आकडे अजून कोरे करकरीत.

सूर्य इथे कलतो, मावळत नाही.
एरवी त्याचं कौतुक असतं.
सात महिने ज्याची वाट पाहिली
तो पाहुणा आता उठायचं नाव घेत नाही,
रात्री दोन वाजतासुद्धा पलंगाच्या कडेला बसून असतो.
मी खिडक्यांना हिवाळी घोंगड्या ठोकल्या.
पिएरा पंख्यासाठी सत्तर किलोमीटर जाऊन आला.
दुकानदारीण हसली म्हणे:
बर्फ उपसायची फावडी आहेत, निम्म्या किमतीत.

पहाटे जाळं ओढलं.
मासे वर येईतोवर मऊ पडलेले,
बोट लावलं तिथे खड्डा राहत होता.
जिवंत होते ते खोल गेले,
आमची दोरी पुरत नाही तिथे.
तुर्रीपुढे टाकले तर तिनेही तोंड फिरवलं
आणि तळघराच्या दाराशी पोट टेकून पडली,
फटीतून येणाऱ्या गारव्याच्या एका रेघेवर.

आणि सौनाघरात रेनडिअर.
कानाच्या कापावरून पाहिलं, आपला नव्हे.
गोमाश्यांना वैतागून शिरला असेल
काळोखात, विझलेल्या भट्टीच्या दगडांपाशी.
शिंगं छताला अडू नयेत म्हणून मान वाकवून उभा,
चर्चमध्ये उशिरा आलेल्या माणसासारखा.
मी दार उघडंच ठेवलं.
काय बोलणार त्याला?

त्या दिवशी शनिवार होता, हे रात्री लक्षात आलं.
बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा
शनिवारी आमच्या सौनातून धूर निघाला नाही.

अकरा वाजता वल्ह्यांचा आवाज.
पलीकडच्या काठावरचा अर्मास,
ऐंशी उलटलेला, गुडघ्यांशी उभा दावा,
तीन किलोमीटर वल्हवत आलेला.
होडीत एक पहार, एक थर्मास,
आणि अंगात काळा कोट. त्या उन्हात.
धक्क्यावर आम्ही दोघं पाय बुडवून बसलेलो पाहून
तो वल्ही उचलून थांबला.
पाणी टपटपत राहिलं.
"धूर दिसला नाही," म्हणाला.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग, "पहार दारासाठी आणली होती."
कोटाबद्दल त्याने सांगितलं नाही,
आम्ही विचारलं नाही.

म्हणजे इतकी वर्षं
आम्ही नुसतं अंग शेकत होतो
आणि तिकडे एक म्हातारा
दर शनिवारी आम्हाला मोजत होता.
मी पिएराकडे पाहिलं. त्याने पाण्याकडे.
अर्मासचा धूर आम्ही कधी
पाहिल्यासारखा पाहिला होता?

कोट काढून त्याने होडीच्या टोकावर ठेवला.
मोजे काढले. पाय भलतेच गोरे,
दुसऱ्याच कुणाचे, लहान मुलाचे असावेत तसे.
तिघांनी कॉफी प्यायली, गरम.
दुसरं काही सुचलंच नाही.
पाणी कोमट होतं.
या तळ्याचं पाणी कोमट,
असं म्हणायला आमची जीभ अजून अडखळते.
मागे अंधारात रेनडिअर खूर बदलत होता.

ठरलं मग: हा उन्हाळा उतरेपर्यंत
शनिवारी सहा वाजता दोरीवर काहीतरी पांढरं.

काल मी चादर वाळत घातली, कोरडीच.
कपाळाशी हात धरून उभी राहिले.
तळं पत्र्यासारखं तळपत होतं,
पलीकडे झाडं, खडक, झाडं.
सहा वाजून दहा. वीस.
पिएरा उठला, आपली पहार कुठे आहे
असं पुटपुटत शेडकडे निघाला,
तेवढ्यात पलीकडे काहीतरी हललं.
पांढरं नाही. लाल.
त्याची हिवाळ्यातली लांब विजार,
दोन्ही पाय, वारा नसल्यामुळे,
सरळ खाली लोंबणारे.