पाणी कुठे मुरतं

पाइताच्या बंदरात अकरा दिवस समुद्र बंद होता.
म्हणजे समुद्र होता तिथेच,
लाल निशाण तेवढं काठीवरून उतरत नव्हतं.
बाराव्या दिवशी पहाटे उतरलं, तेव्हा
कुणाच्याच खिशात बर्फापुरतेही पैसे उरले नव्हते.

मी ट्रक उलटा घेत धक्क्याला लावला.
दोनशे लाद्या, वर लाकडाचा भुसा,
आणि बिलबुक नाही.
दोमितिलाबाईंनी ते निघतानाच माझ्या हातातून काढून घेतलं होतं.
"आज नको," एवढंच म्हणाल्या
आणि कॉम्प्रेसरची घरघर ऐकत उभ्या राहिल्या.

"घ्या रे," मी ओरडलो, "आज पैसे नाहीत."
"आमच्याकडे नाहीत, की तुम्हाला नकोत?"
एलेउतेरिओ चुंगाने विचारलं.
"दोन्ही."
कुणीतरी हसायला हवं होतं.

मग सुरू झालं.
पुढच्या महिन्यात भाव चढवणार.
भाचा उभा राहतोय नगरपालिकेला.
अमोनिया गळलाय, बिघडलेला माल आपल्या माथी.
बाप मेला ना, त्याचं पाप धुतेय.
बर्फाने?
मग काय, तो गेलाय तिथे थंड काहीतरी लागतच असेल.
काही का असेना, पाणी कुठेतरी मुरतंय,
यावर सगळ्यांचं एकमत झालं.
आणि ते मुरतच होतं,
माझ्या चाकांभोवती, धक्क्याच्या भेगांतून,
थेंब थेंब समुद्राकडे.

मला राग यायला हवा होता. आला नाही.
तिच्या बापाच्या काट्याजवळ
बावीस वर्षं मीच उभा होतो.
शिशाची चकती पारड्याखाली नेमकी कुठे चिकटवायची,
पोकळ लादी कुठल्या लादीआड लपवायची,
हे मला लेकीच्या वाढदिवसासारखं पाठ.
दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.
इथे माणसं बर्फ फुंकत होती,
आणि ते दूध तापवायला
मीही बसलो होतो चुलीपाशी.

सांतोसा केरेवालू मासे साफ करायची सुरी घेऊन पुढे आली.
लादीचा एक कोपरा उडवला, तोंडात टाकला.
सगळा धक्का तिच्या जबड्याकडे बघत राहिला.
"बर्फच आहे," ती म्हणाली,
जरा निराश होऊनच.
"सही कुठे करू?"
"कुठेच नाही."
"मग मला नको.
ज्याची पावती नाही
त्याची वसुली कधीही होते."

तीन होड्यांनी नेला, मान खाली घालून,
चोरीचा माल उचलावा तसा.
बाकीच्या कोरड्याच गेल्या.
नऊ वाजेपर्यंत ट्रकमध्ये ओला भुसा
आणि टपावर एक पेलिकन.

"सत्तेचाळीस गेल्या," मी परत येऊन सांगितलं,
"उरलेल्या वाहून गेल्या."
कुणी नेल्या, हे त्यांनी विचारलं नाही.
मग मीच विचारलं,
"बाई, यात तुमचं काय?"
"साचे भरलेलेच होते," त्या म्हणाल्या,
"आणि वीज काय, जळतेच."
मी मान हलवली.
घरी जाताना चढावर दोनदा थांबलो
आणि त्या वाक्याला मागून पुढून
ठोकून पाहिलं, आत पोकळ आहे का.

दुसऱ्या दिवशी शटरखाली
वर्तमानपत्राची एक पुडी सापडली.
माशांचा वास, सुटी नाणी,
एका लादीची किंमत,
कालच्याच भावाने, सेंतिमोही कमीजास्त नाही.
नाव नव्हतं.
दोमितिलाबाईंनी ती बराच वेळ हातात धरली.
कुणी कानाखाली मारावी आणि मग पाया पडावं,
तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर.
मग टेबलावर ठेवून आत गेल्या.

मी नाणी मोजली. बरोबर होती.
पुन्हा मोजली.