एक कप पालक

रविवारी पालक.
कान तुटलेल्या चहाच्या कपाने मोजून,
दाबून भरलेला एक कप. कमी नाही, जास्त नाही.
बंद करायचा नाही, नर्स ब्रॉन्वेन म्हणाली,
फक्त त्याला शिस्त लावा, मिसेस पेंढरकर.
मला हसू आलं.
आठव्या वर्षी सांधे सुजून तीन महिने अंथरुणात होते मी,
ताप उतरला, जाताना झडप चावून गेला.
तेव्हापासून तीच कुठे ऐकते कुणाचं.

लेस्टरच्या होजिअरीत एकवीस वर्षं
ओव्हरलॉकवर बसले.
टाका सुटला की आधी पायाला कळायचं,
मग कानाला,
सुपरवायझरला सगळ्यात शेवटी.
सुई बदलायची, दोरा पुन्हा ओवायचा,
ताण जरा सैल केला की लागायची बिचारी चालायला.

म्हणून त्या मार्चमध्ये जिन्यात
छातीतले टाके सुटायला लागले, तेव्हा घाबरले नाही.
पायरीवर बसले, पिशवी मांडीवर घेऊन.
तीन घाईघाईने, मग कोरं कापड,
मग एक,
मग सात एकावर एक.
वाटलं, दोरा अडकलाय कुठेतरी.

ग्लेनफील्डच्या डॉक्टरने कागदाची पट्टी उलगडली.
वरचे कप्पे नुसते थरथरतात, म्हणाला,
रक्त कोपऱ्यात थांबतं आणि विरजतं.
विरजतं हा शब्द माझा. तो गुठळी म्हणाला होता.
नव्या गोळ्या या झडपेला चालत नाहीत,
तुम्हाला जुनीच, वॉरफरिन, रोज संध्याकाळी सहाला.
आणि सकाळी दुसरी, वेग आवरायला,
जिच्याने माझे हात जूनमध्येही गार.
सोबत पिवळी वही.
रक्ताचा आकडा दोन ते तीनच्या मध्ये हवा.
इतके कमी मार्क माझ्याकडे
शाळेत कधी कुणी मागितले नव्हते.

ऑगस्टात चिपळूणहून नलूवन्सं आल्या.
मेल्टन रोडवर त्यांना अळू दिसलं.
फदफदं केलं, चिंचगूळ, शेंगदाणे घालून,
आणि मी चार वाट्या खाल्लं.
चार. मोजल्या होत्या, म्हणून तर लाज वाटते.
आकडा आला एक पूर्णांक सहा.

जाताना त्यांनी ओट्यावर डबे मांडले.
हळदीच्या कॅप्सूल, माशाचं तेल, अर्जुनाच्या सालीचं चूर्ण.
सगळं झाडपाल्याचं गं, अपाय कसला.
माशाचं तेल कुठल्या झाडाचं, हे विचारायचं राहिलं.
घेतलं मी सगळं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून;
खरं तर मलाही वाटलं होतं,
हे आपलं आहे, हे समजून घेईल मला.

दात घासताना बेसिन गुलाबी झालं.
दंडावर जांभळाएवढा डाग, कुठे आपटल्याचं आठवेना.
आकडा पाच पूर्णांक चार.

नवीन काही सुरू केलंत? ब्रॉन्वेनने विचारलं.
नाही, म्हटलं मी.
तिने वही मिटली नाही.
पेनाचं टोपण हातात धरून बसून राहिली.
खिडकीखाली कोणीतरी एकाच जागेत
तिसऱ्यांदा गाडी घालत होतं.
मग मी पिशवीतून एकेक डबा काढला.

हा कोण, अर्जुन?
झाड.
उंच असतं?
उंच. नदीकाठी. खोड पांढरटसर.
सुंदर असेल, ती म्हणाली, आणि डबा बाजूला ठेवला.
आजची गोळी घेऊ नका. उद्या पुन्हा रक्त.
यापुढे बाटली उघडण्याआधी मला फोन करा,
नंतर नको.

आता डाव्या कुशीवर झोपत नाही.
उशीत ऐकू येतं.
मोजायला जाते, चाळिसाच्या आसपास चुकते;
मी चुकते की ते, कोण जाणे.

काल नातीच्या शाळेच्या स्कर्टची टीप उसवली होती.
मशीन काढायचा कंटाळा, हातानेच घातली.
गार बोटांनी, एक टाका बारीक, एक लांब,
मध्ये एक कुठे गेला कळलं नाही.
तिने घातला, एक गिरकी घेतली.
आज्जी, धरलंय, म्हणाली,
आणि पळाली, कोपऱ्यावर बस आली होती.