वाहक

शेपटीचे केस मुळासकट उपटायचे असतात,
नुसते कापले तर त्यात काही सापडत नाही,
नीएव्हेस सांगते, आणि पाकिटावर आकडा घालते.
चारशे अकरा. चारशे बारा.
खोड्यात अडकलेली गाय वाफ सोडते.
निलगिरीच्या रांगेपलीकडे
ताकुआरेम्बोचं गवत जूनच्या गारठ्यात करपलेलं.

गेल्या सप्टेंबरात तीन वासरं जन्मली ती मेलेलीच.
कणा पिळलेला, पाय
ओल्या दोराची निरगाठ बसावी तसे आवळलेले.
वडील म्हणाले, वीज.
मग म्हणाले, पाणी.
मग बोलायचेच थांबले.
तिघांचा आजा एकच होता,
आईकडूनही, बापाकडूनही.

सेरेनो.
त्याची तसबीर जेवणघरात आहे,
माझ्या लग्नाच्या फोटोहून मोठी.
त्याच्या पाठीची सरळ रेघ
नऊ वर्षं विकली आम्ही.
खाण तशी माती, छाती फुगवून सांगायचो.
खाणीच्या पोटात काय आहे
ते खाणीलाही ठाऊक नव्हतं.

एकशे नव्वदपैकी एकसष्ट.
वाहक म्हणजे आजारी नव्हे, नीएव्हेस म्हणते,
गाई कापू नका.
त्यांना तपासलेला, निर्दोष वळू द्या,
कालवडींचे केस पाठवा, वळू मात्र यातला एकही विकू नका.
घाईत सगळंच काढलंत
तर दूधही जाईल, वासराला चाटणारी जीभही.

वडील बोटांनी टेबलावरचे चुरे गोळा करतात.
सीमेपलीकडच्या बाजारात
कोण विचारतं, म्हणतात.

रात्री मी विक्रीची वही काढली.
अकरा नावं, वडिलांच्याच वळणदार अक्षरात.
पहिलं बाल्तासार उरूतीचं.
माते तीनदा थंड झाला, तेव्हा कुठे फोन लावला.
सगळं सांगून झालं. तार गप्प.
मागे कुत्रं भुंकत होतं त्याचं.
मग तो म्हणाला,
मीही दोन पुरली. ओढ्याकाठी.
तुझ्या बापाला वाईट वाटेल म्हणून
बोललो नाही.

दहा नावं उरली होती.

सकाळी वडील कुंपणाशी उभे,
कानात मारायचे पिवळे बिल्ले खिशात खुळखुळत.
चारशे बाराला त्यांनी स्वतः धरलं,
गेल्या वादळात दुसरीचं पोरकं वासरू
जिने आपलं म्हणून पाजलं होतं, ती.
बिल्ला बसताना तिने मान झटकली.
अगं थांब, ते म्हणाले,
तुझा काय दोष.
आणि पुढचीला हाक मारली.